नागरी बँकेतली कर्जफाईल ऑटोमेशनवर कशी आणावी: मोजणीपासून डे-एंडपर्यंत

फाईलला चोवीस दिवस लागले म्हणून ओरड होते, तेव्हा त्या चोवीस दिवसांत तिच्यावर प्रत्यक्ष काम किती तास झालं हे कुणालाच सांगता येत नाही. मोजायला बसलं की कळतं, हात लागल्याचा वेळ तासांत निघतो आणि पडून राहिल्याचा दिवसांत. व्हॅल्युएशन रिपोर्ट (तारणाच्या किमतीचा अंदाज) आला, पण शाखेला कुणी कळवलं नाही. सर्च रिपोर्टची (मालमत्तेच्या हक्काच्या तपासणीची) मागणी तिसऱ्या दिवशी गेली, कारण आधी सिबिल बघायचं होतं. जामीनदाराच्या पगारपत्रकांत एक महिना कमी होता, आणि ते फाईल मुख्य कार्यालयात गेल्यावर दिसलं. हे न बघताच डेमोला बसणारी बँक टायपिंगचा वेळ वाचवणारं सॉफ्टवेअर घेऊन येते. फाईल टायपिंगपायी थांबलेलीच नसते.

पुढची पद्धत दहा ते तीस शाखांची नागरी सहकारी बँक डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. पतसंस्थेतही क्रम हाच राहतो. फक्त रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांच्या जागी सहकार खात्याचे आदेश आणि आपले उपविधी धरायचे.

आधी चाळीस फायली

गेल्या वर्षभरात वितरण झालेल्या चाळीस फायली कपाटातून काढा: वीस घर किंवा जमीन तारणाच्या, दहा कॅश क्रेडिटच्या (धंद्याच्या खेळत्या भांडवलाच्या), दहा पगारदारांच्या. शिवाय नाकारलेल्या दहा. नाकारलेल्या फायली सहसा कुणी उघडत नाही, पण ‘नाही’ म्हणायला बँक किती दिवस घेते हे त्यांतूनच दिसतं, आणि ग्राहकाची खरी चीड तिथेच असते.

प्रत्येक फाईलची एक ओळ करा. अर्ज, कागद पूर्ण, सिबिल, व्हॅल्युएशन, सर्च रिपोर्ट, शाखेची शिफारस, मुख्य कार्यालयातली छाननी, कर्ज उपसमिती, मंजुरीपत्र, दस्त, वितरण असे टप्पे घ्या. प्रत्येक टप्प्याला दोन तारखा लागतील: टेबलावर कधी आली आणि हात कधी लागला. तारखा आवक-जावक रजिस्टर, सिबिल रिपोर्टवरची छापील तारीख, व्हॅल्युअरचं बिल, समितीचं इतिवृत्त आणि सीबीएसमधली (बँकेच्या मुख्य संगणक यंत्रणेतली) खातं उघडल्याची तारीख यांतून घ्या. माणसांना विचारू नका. प्रत्येकाच्या आठवणीत फाईल त्याच्याकडे एकच दिवस असते.

यातून तीन गोष्टी काढायच्या: फाईल किती वेळा मागे फिरली आणि कशासाठी, सर्वांत जास्त कुठल्या टेबलावर पडून राहिली, आणि समितीच्या सभेची वाट किती दिवस पाहिली. शेवटचा आकडा तर नुसत्या हिशेबानेही निघतो. समिती दर पंधरा दिवसांनी बसत असेल, तर सरासरी सात-आठ दिवस वाट पाहण्यातच जाणार. ते कुठलंही सॉफ्टवेअर कमी करत नाही. सभा दर आठवड्याला घ्या, नाहीतर ठरावीक रकमेपर्यंतचे मंजुरीचे अधिकार खाली द्या. तो ठराव संचालक मंडळाचा आहे, आयटी विभागाचा नाही. तो झाल्याशिवाय निविदा काढण्यात अर्थ नाही.

सुरुवात कुठल्या कामापासून

विक्रीला येणारे लोक घरकर्जाचा डेमो दाखवतात, कारण तो पडद्यावर छान दिसतो. सुरुवात ठेवतारण कर्जापासून करा. ठेव आपलीच, रक्कम आपल्याच सीबीएसमध्ये, नियम सगळे आकड्यांचे: ठेवीच्या किती टक्के, ठेवीच्या दरावर किती टक्के जास्त, मुदत ठेवीच्या मुदतीपुढे नाही. पावतीवर आधीच लीन (बोजा) असेल, ठेव संयुक्त नावावर, अज्ञानाच्या किंवा तिऱ्हाइताच्या नावावर असेल, तर यंत्राने थांबायचं आणि प्रकरण अधिकाऱ्याकडे द्यायचं. एवढे चार फाटे नीट बसले, की कर्मचाऱ्यांना यंत्रणेचा आणि यंत्रणेला बँकेचा अंदाज येतो.

दुसरं काम केवायसी अद्ययावत करण्याचं. जास्त जोखमीच्या ग्राहकाचं दर २ वर्षांनी, मध्यम जोखमीच्याचं ८ आणि कमी जोखमीच्याचं १० वर्षांनी, म्हणजे निव्वळ तारखेचं गणित. शाखेने हाताने याद्या करत बसण्यासारखं त्यात काही नाही. तिसरं, नाचचे (ग्राहकाच्या खात्यातून हप्ता आपोआप वळता करणाऱ्या यंत्रणेचे) परत आलेले हप्ते. सोनेतारण त्यानंतर. घर-जमीन तारण सगळ्यांत शेवटी, कारण तिथे अर्धं काम बँकेबाहेर चालतं: वकील, व्हॅल्युअर, दुय्यम निबंधक, तलाठी.

नियम कागदावर

बँकेचे निम्मे नियम कर्ज धोरणात लिहिलेले असतात आणि निम्मे ‘साहेबांना विचारून’ या सदरात. यंत्राला दुसरं सदर कळत नाही. म्हणून प्रत्येक नियमाची नोंद अशी करा: क्रमांक, अट, आकडा, कुठल्या परिपत्रकाने किंवा ठरावाने आला, कधीपासून लागू, कधी संपला, बदलण्याचा अधिकार कुणाला. यातली ‘कधीपासून लागू’ आणि ‘कधी संपला’ ही दोन सदरं बहुतेक वेळा गाळली जातात. मग टक्केवारी बदलली की जुन्या खात्यांनाही नवा नियम लागतो, आणि लेखापरीक्षक विचारतो की मंजुरीच्या दिवशी नियम कोणता होता.

काही नियम व्हेंडरच्या तयार पॅकेजमध्ये नसतात, ते आपण सांगावे लागतात. एका कर्जदाराला टियर-१ भांडवलाच्या (बँकेच्या स्वतःच्या मूळ भांडवलाच्या) १५ टक्क्यांपर्यंत आणि संबंधित समूहाला २५ टक्क्यांपर्यंत, ही मर्यादा यंत्राने तपासायची तर ‘समूह’ म्हणजे कोण हे आधी त्याला सांगावं लागतं: भागीदार समान, पत्ता समान, एकमेकांना जामीनदार. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना मोजके अपवाद सोडले तर कर्ज देता येत नाही; त्यासाठी नातेवाइकांची पॅनसह यादी यंत्रणेत हवी आणि संचालक मंडळाच्या निवडणुकीनंतर ती बदलायला हवी. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक) द्यावं लागतं. कर्जाची मुदत सात दिवस किंवा त्याहून जास्त असेल, तर ग्राहकाला विचार करायला निदान तीन कामाचे दिवस मिळाले पाहिजेत. म्हणजे हे पत्रक दिल्याच्या क्षणाची नोंद यंत्रणेत असली पाहिजे आणि तिसरा दिवस मोजताना बँकेच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर वापरलं पाहिजे. सुट्ट्या न भरलेलं कॅलेंडर हा क्षुल्लक वाटणारा, पण फार ठिकाणी सापडणारा दोष आहे.

नियम लिहिताना कुठे पाय घसरतो, ते सोनेतारणाच्या एका उदाहरणात बघू. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार, घरगुती गरजेसाठीच्या सोनेतारण कर्जात ग्राहकाचं एकूण कर्ज अडीच लाखांपर्यंत असेल तर सोन्याच्या मूल्याच्या ८५ टक्के, अडीच ते पाच लाखांत ८० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. मूल्य धरताना त्याच शुद्धतेच्या सोन्याचा मागील ३० दिवसांचा सरासरी बंद भाव आणि आदल्या दिवशीचा बंद भाव यांतला कमी तो. खडे, लाख, मणी यांचं वजन वजा.

हिशेबाला सोपा म्हणून ग्रॅमचा भाव ₹१२,००० धरू. निव्वळ वजन २५ ग्रॅम, मूल्य ₹३,००,०००. याचे ८५ टक्के म्हणजे ₹२,५५,०००. पण ही रक्कम अडीच लाखांवर गेली, म्हणून यंत्र ८० टक्क्यांच्या टप्प्यात उतरतं आणि ₹२,४०,००० सांगतं. खरं उत्तर ₹२,५०,००० आहे, कारण अडीच लाखांपर्यंत ८५ टक्क्यांची परवानगी आहेच. ग्राहक दहा हजारांनी नाडला जातो, आणि काउंटरवरचा कारकून म्हणतो, ‘सिस्टिम एवढंच दाखवते.’

आता उलटी चूक. वजन २० ग्रॅम, मूल्य ₹२,४०,०००, त्याचे ८५ टक्के ₹२,०४,०००. कर्ज एकरकमी फेडीचं, मुदत १२ महिने, व्याज १० टक्के. एकरकमी फेडीच्या कर्जात टक्केवारी मुदतीअखेर देय होणाऱ्या एकूण रकमेवर बघायची असते. म्हणजे मुद्दल जास्तीत जास्त ₹२,०४,००० भागिले १.१०, सुमारे ₹१,८५,४५४. यंत्र मुद्दलावरच टक्केवारी लावत असेल तर ते प्रत्येक खात्यात साडेअठरा हजार जास्त देतं, आणि ते तपासणीत निघतं. ही दोन्ही उदाहरणं व्हेंडरसमोर टाका. पहिल्या बैठकीत त्याची उत्तरं काय येतात त्यावरून पुढचा बराच अंदाज येतो.

टेबलं, माणसं आणि मागे फिरणारी वाट

आहे तीच कागदी वाट पडद्यावर उतरवू नका. सिबिल आणि ओळखपडताळणी झाली की व्हॅल्युएशन आणि सर्च यांची मागणी एकाच वेळी सुटली पाहिजे. एकामागून एक नाही. फक्त ग्राहकाने शुल्क भरल्याची नोंद झाल्यावरच ती सुटावी, नाहीतर नाकारलेल्या प्रकरणांची वकिलांची बिलं बँकेच्या माथी येतात.

फाईल मागे पाठवण्याचं बटण सर्वांत जपून बांधायचं. ‘त्रुटी पूर्तता करावी’ असा मोकळा शेरा टाकता येत असेल तर फाईल पूर्वीसारखीच पाच वेळा फिरेल, फक्त आता विजेच्या वेगाने. म्हणून ठरावीक पंधरा-वीस कारणांची यादी द्या, एकाच वेळी सगळी कारणं टिकमार्क करायला लावा, आणि त्याच छाननी अधिकाऱ्याने दुसऱ्यांदा फाईल परत पाठवली तर त्याच्या वरिष्ठाला आपोआप कळू द्या. चाळीस फायलींच्या मोजणीत जी कारणं निघाली, तीच ही यादी.

प्रत्येक टप्प्याला मुदत आणि पर्यायी माणूस ठेवा. शाखाधिकारी रजेवर गेला की फाईल कुणाकडे, हे रजेच्या अर्जाबरोबरच ठरलं पाहिजे. पर्यायी माणूस नसला की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: पासवर्ड फोनवर सांगितला जातो. मग मेकर (नोंद करणारा) आणि चेकर (ती तपासून मंजूर करणारा) दोन नावं, पण हात एकच. हे पकडायला महिन्यातून एकदा एक साधा अहवाल काढा: मेकर आणि चेकर दोघांचं लॉगिन एकाच संगणकावरून, आणि दोन्ही नोंदींत एक मिनिटापेक्षा कमी अंतर. यादी रिकामी आली तर उत्तम. आली नाही, तर त्या शाखेत ऑटोमेशनने नियंत्रण वाढवलेलं नाही, फक्त गैरप्रकाराला तारीख-वेळ लावून दिली आहे.

अपवादाची वाट हवीच. प्रत्येक बँकेत धोरणाबाहेरची पण देण्याजोगी प्रकरणं असतात. ती वाट यंत्रणेत नसली तर लोक यंत्रणेबाहेर जातात: उत्पन्नाचा आकडा बसेपर्यंत बदलतात. अपवादाला नेहमीच्या मंजुरी अधिकाऱ्याच्या एक पायरी वरची सही, लेखी कारण, आणि पुढच्या समिती सभेत सर्व अपवादांची यादी एवढं बंधन पुरे. एखाद्या नियमाला महिन्याला पंधरा-वीस अपवाद होऊ लागले तर तो नियमच चुकीचा आहे, किंवा कुणीतरी वाट सवयीची केली आहे. दोन्ही बघण्यासारखं.

नकाराच्या पत्रावर ‘सिस्टिमने नाकारलं’ हे कारण चालत नाही. नियम क्रमांक आणि त्याचा साध्या मराठीतला अर्थ पत्रात उतरला पाहिजे: ‘सध्याचे हप्ते आणि मागितलेल्या कर्जाचा हप्ता मिळून मासिक उत्पन्नाच्या मर्यादेबाहेर जातात.’ ही वाक्यं आधीच लिहून घ्या, कायदेशीर सल्लागाराकडून तपासून.

सीबीएसला जोडणी: खरी जोखीम इथे

तीन प्रकार आहेत. सीबीएसने स्वतः उघडलेला एपीआय (दोन यंत्रणांनी थेट बोलण्याची वाट), फाईल चढवणे, किंवा माणसासारखी पडद्यावर बटणं दाबणारा बॉट. बॉट स्वस्त आणि लवकर बसतो, म्हणून मोह होतो. सीबीएसच्या नव्या आवृत्तीत एक सदर खाली सरकलं की तो भलत्या सदरात आकडा टाकतो किंवा मुकाट थांबतो. बॉट वापरायचाच तर नुसत्या वाचनाच्या कामाला वापरा: शिल्लक बघणे, विवरण काढणे. पैसे हलवणाऱ्या नोंदी एपीआयने किंवा फाईलने.

फाईलने नोंदी टाकताना सर्वांत मोठा धोका म्हणजे तीच फाईल दोनदा चढणे. नाचची फाईल निम्म्यावर अडकली, ऑपरेटरने पुन्हा चढवली, आणि पहिल्या निम्म्या लोकांचे हप्ते दोनदा जमा झाले, असं होतं. उपाय असा: प्रत्येक नोंदीला यूएमआरएन (ग्राहकाने नाचसाठी दिलेल्या संमतीचा क्रमांक), हप्त्याची तारीख आणि सादरीकरणाचा क्रमांक मिळून एक खूण द्या, ती खूण आधी आलेली असेल तर सीबीएसने नोंद नाकारावी. फाईल चढवण्याआधी आणि नंतर नोंदींची संख्या आणि एकूण रक्कम ताडून पाहा. मधल्या सस्पेन्स खात्याची (ठिकाण न ठरलेल्या नोंदी तात्पुरत्या ठेवण्याच्या खात्याची) शिल्लक रोज संध्याकाळी शून्य व्हायला हवी. नसेल तर उरलेली प्रत्येक नोंद कुणाच्या नावावर आहे ते त्याच दिवशी लिहा. सस्पेन्समधल्या तीन दिवस जुन्या नोंदीचा माग काढणं फार अवघड जातं.

नाच १ ऑगस्ट २०२१ पासून आठवड्याचे सातही दिवस चालतं. तुमच्या सीबीएसचा दिवस रविवारी उघडतो का? उघडत नसेल तर रविवारचा हप्ता सोमवारच्या तारखेने पडेल की रविवारच्या, हे आधी ठरवून ठेवा, कारण त्यावर थकबाकीचे दिवस मोजले जातात.

आणि इथेच डे-एंडचा, म्हणजे दिवसाचे हिशेब बंद करण्याच्या रोजच्या प्रक्रियेचा, क्रम येतो. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२१ च्या स्पष्टीकरणानुसार थकबाकीचा दिवस डे-एंडला ठरतो. हप्ता ३१ मार्चला देय असेल आणि त्या दिवशीचा डे-एंड चालेपर्यंत पूर्ण रक्कम आली नसेल, तर खातं ३१ मार्चपासूनच थकीत. तसंच राहिलं तर ३० एप्रिलच्या डे-एंडला एसएमए-१, ३० मेच्या डे-एंडला एसएमए-२ (एनपीएच्या आधीच्या इशाऱ्याच्या पायऱ्या) आणि २९ जूनला एनपीए (बुडीताकडे झुकलेलं, अनुत्पादक कर्ज). आता समजा नाचच्या जमा नोंदी रात्री नऊला येतात आणि डे-एंड आठला सुरू होतो. प्रामाणिकपणे भरणारा ग्राहक दर हप्त्याला एक दिवस उशिरा दिसतो. बाकी महिन्यांत ते खपून जातं. २९ जूनच्या जागी असलेल्या खात्यात खपत नाही. म्हणून क्रम पक्का बांधा: जमा नोंदी, मग व्याज आकारणी, मग थकबाकी मोजणी, मग वर्गवारी, मग अहवाल. आधीचं काम पूर्ण झाल्याची खूण मिळाल्याशिवाय पुढचं सुरू होता कामा नये. ‘आठ वाजता सुरू कर’ असं घड्याळावर बांधू नका.

कर्जखात्यांची अशी वर्गवारी यंत्रणेनेच करायची हे एकूण मालमत्ता २,००० कोटी आणि जास्त असलेल्या नागरी बँकांना ३० जून २०२१ पासून, आणि १,००० ते २,००० कोटींच्या, सायबरसुरक्षेच्या तिसऱ्या-चौथ्या स्तरातल्या बँकांना ३० सप्टेंबर २०२१ पासून बंधनकारक झालं. लहान बँकेलाही तेच सोयीचं. तीन चाचण्या मात्र हटकून घ्या. एनपीए झालेल्या खात्यात तीनपैकी दोन हप्ते भरले तर खातं एनपीएच राहिलं पाहिजे, कारण व्याज आणि मुद्दलाची सगळी थकबाकी भरल्याशिवाय ते वर येत नाही. एका कर्जदाराचं एक खातं एनपीए झालं की त्याची बाकीची खातीही त्याच रात्री गेली पाहिजेत. पॅन दोन ग्राहक क्रमांकांत विभागलेला असेल तर ती जात नाहीत. म्हणून ऑटोमेशनच्या आधी दुहेरी ग्राहक क्रमांक एकत्र करण्याचं कंटाळवाणं काम उरकून घ्या. तिसरी चाचणी, दंड: १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांना दंडव्याज लावता येत नाही, दंडशुल्क लावायचं, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज नाही. जुन्या पॅकेजात दंड मुद्दलात मिसळतो आणि पुढच्या महिन्याच्या व्याजात गुपचूप येतो. एक खातं चार महिने थकवून, व्याज हाताने मोजून ताडा.

मुख्य यंत्रणेला वळसा घालून जाणारी वाट किती महागात पडते, हे ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यात दिसलं. कॉसमॉस बँकेवरच्या सायबर हल्ल्यात एटीएमच्या व्यवहारांना बँकेच्या सीबीएसपर्यंत न जाता मधल्या बनावट स्विचकडून (एटीएमचे व्यवहार बँकेकडे पोहोचवणाऱ्या यंत्रणेच्या नकलेकडून) होकार मिळत गेला. ११ ऑगस्टला २८ देशांतून पैसे काढले गेले, १३ ऑगस्टला स्विफ्टमार्गे (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून) हाँगकाँगला गेले. एकूण सुमारे ९४ कोटी. वर्कफ्लो बांधणाऱ्याने यातून घ्यायचं ते एवढंच की मधल्या कुठल्याही यंत्रणेने दिलेला ‘होय’ सीबीएसमधल्या नोंदीशी स्वतंत्रपणे ताडला गेला पाहिजे, तेही दिवसातून अनेकदा, आणि सुट्टीच्या दिवशीही.

सातबारा, नावं आणि ३० दिवसांची घड्याळं

कागद वाचणारं सॉफ्टवेअर छापील इंग्रजी पगारपत्रकावर बरं चालतं. सातबारावर गट क्रमांक ‘११२/२/अ’ मधला ‘अ’ गाळतं, ‘आर’ आणि ‘हेक्टर’ यांची सरमिसळ करतं. फोटो वाचण्यापेक्षा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घ्या आणि त्यावरच्या पडताळणी क्रमांकाने महाभूमीच्या संकेतस्थळावर तपासा. नावांच्या बाबतीत यंत्राला नकाराचा अधिकार देऊ नका. आधारवर ‘दत्तात्रय’, सातबारावर ‘दत्तात्रेय’, पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईच्या कागदांत तर तीन नावं. यंत्राने फरक पिवळा करून दाखवावा, निर्णय अधिकाऱ्याने घ्यावा आणि कारण टंकावं. आधारची प्रत साठवताना पहिले आठ अंक झाकलेलेच हवेत. जामीनदाराच्या आधारचंही तेच, आणि तेच सर्रास विसरलं जातं.

ऑटोमेशनचा पैसा सर्वांत स्पष्ट वसूल होतो तो मुदतींच्या घड्याळांत. हक्कलेख जमा करून केलेल्या गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन (निबंधकाला द्यायची सूचना) महाराष्ट्रात ३० दिवसांत दाखल करावी लागते. सरसाईकडे (तारणांच्या केंद्रीय नोंदणी संस्थेकडे) तारणाची नोंदही ३० दिवसांत. शेतजमिनीवरचा बोजा ई-हक्कमधून (महसूल खात्याच्या ऑनलाइन अर्जप्रणालीतून) चढवायचा, आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून बोजा खरंच आला का ते बघायचं. अर्ज केला म्हणजे बोजा चढला असं धरून फाईल बंद होते तिथे घोळ आहे. शेवटचं घड्याळ कर्ज फिटल्यावरचं: १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत आणि तारणाची नोंद कमी, नाहीतर बँकेच्या चुकीने झालेल्या विलंबाला रोज ₹५,००० भरपाई. वीस दिवसांचा उशीर म्हणजे एक लाख. हे घड्याळ खात्याची शिल्लक शून्य झाली की आपोआप सुरू व्हावं. शाखेने ‘बंद’ म्हणून शिक्का मारायची वाट बघणारं नको. क्रेडिट ब्युरोंना माहितीही ठरल्या तारखांची, ठरल्या मुदतीत पाठवायची असते. फेडलेलं कर्ज तिथे जिवंत दिसलं तर ग्राहकाचं पुढचं घर अडतं.

मराठी एसएमएसबद्दल एक छोटी पण खिशाला लागणारी गोष्ट. इंग्रजी संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०, आणि लांब संदेशाच्या प्रत्येक तुकड्यात ६७. काना, मात्रा, वेलांटी सगळी वेगळी मोजली जातात. दीडशे अक्षरांचा मराठी संदेश म्हणजे तीन संदेशांचं बिल. इंग्रजीकडे वळू नका. वाक्य छोटं करा. साचा डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या संदेश-नोंदणी यंत्रणेवर) नोंदवलेल्या मजकुराशी अक्षरशः जुळला पाहिजे, नाहीतर संदेश मध्येच अडतो आणि यंत्रणा मात्र ‘पाठवला’ म्हणून नोंद करते. पोहोचल्याची पावती वेगळी तपासा.

चाचणी, सुरुवात आणि लोक

मार्चमध्ये सुरू करू नका. दसरा-दिवाळीच्या गर्दीतही नको. जुलै-ऑगस्ट बरे. एक मध्यम शाखा निवडा, मुख्य कार्यालयाच्या खालच्या मजल्यावरची नव्हे. तिथले लोक अडलं की वर जाऊन विचारतात आणि दोष कधी नोंदलेच जात नाहीत. साठ दिवस कागद आणि यंत्रणा दोन्ही चालवा. तीसेक चाचणी-प्रकरणं बँकेने स्वतः लिहावीत: २९ फेब्रुवारीला देय हप्ता, मयत जामीनदार, मंजुरीनंतर रक्कम कमी मागणारा ग्राहक, एकाच घरातले दोन अर्ज एकाच दिवशी. व्हेंडरने आणलेली प्रकरणं त्याच्या यंत्रणेत पास होणारीच असतात.

करारात चार गोष्टी पाहा: नियमातला आकडा बँक स्वतः बदलू शकते का, की दर वेळी बदलाचं बिल, सर्व नोंदी आणि कागद कुठल्या स्वरूपात परत मिळणार, सर्व्हर कुठे, आणि करार संपल्यावर किती महिने वाचता येणार.

कारकुनाचं टंकन कमी होतं आणि तपासणी वाढते, आणि हे काम अवघड आहे. दिवसाला शंभर हिरव्या खुणा बघणारा डोळा एकशेएकावी लाल खूणही हिरवी बघतो. म्हणून पास झालेल्या प्रकरणांतली शेकडा पाच यादृच्छिक काढून पूर्ण हाताने तपासा, कायम. शाखाधिकाऱ्याचा हात आखडतो, तो नाराज होतो. त्याला अपवादाची वाट नीट समजावून द्या, कारण गावातला माणूस ओळखण्याचं त्याचं कसब तिथेच कामी येतं. यशाचा आकडा म्हणून सरासरी दिवस घेऊ नका. दहातली सर्वांत रखडलेली एक फाईल किती दिवसांत निघते ते बघा, आणि परत फिरण्याचं प्रमाण.

बंद पडलं तर

लाईन गेली, सर्व्हर बसला, तर काउंटरवर काय करायचं हे एका पानावर, मराठीत, शाखेत लावलेलं हवं. क्रमांक छापलेले कोरे अर्ज, वीस प्रती, शाखाधिकाऱ्याच्या कुलपात. यंत्रणा बंद असताना अर्ज घ्या, पोचपावती द्या, कागद घ्या. मंजुरी आणि वितरण करू नका. अपवाद एकच: सोनेतारण कर्ज फेडायला आलेला ग्राहक. त्याचे पैसे घेऊन हाती पावती द्या, पाकीट मात्र शिल्लक सीबीएसमध्ये बघितल्यावरच. त्याला तशी वेळ लिहून द्या. यंत्रणा आल्यावर सगळे कागदी क्रमांक त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत चढवा, आणि न वापरलेले कोरे अर्ज मोजून पुन्हा कुलपात ठेवा.